ब्रेकमधली हवा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या ब्रेकवर लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण हा ब्रेक ज्या नियमावर चालतो तो ब्लेझ पास्कलचा, आणि पास्कल तर आपल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचाही माणूस! कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्याचे विवेचन त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाले. हँडलजवळचा दट्ट्या १२ मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाजवळचा २४ चा धरला, तर बोटांचा जोर चौपट होऊन पॅडवर पडतो.

सात रस्त्याच्या चौकात कोण कुठून येईल याचा नेम नसतो, म्हणून ब्रेक सारखा लागतो. तरी खरी कसोटी तुळजापूरचा घाट उतरताना. ब्रेक ऑईल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ जातीचे कोरे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. ऑईल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी धावतच राहते. गावात, थंड गाडीवर, यातले काहीच जाणवत नाही. धोका आहे तो इथेच. म्हणून दोन वर्षांनी ऑईल बदलावेच.

आमच्या घरी मी पाना धरतो, धाकटी बहीण लिव्हर. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑईलमध्ये बुडवायचे. बहिणीने लिव्हर दाबून धरला की मी निपल पाव आटा सैल करतो, काळपट ऑईल बुडबुड्यांसह निघते; निपल आवळल्यावरच तिने लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की हवा पुन्हा आत! वरची डबी रिकामी होऊ देऊ नये. ऑईल सीलबंद बाटलीतलेच, डबीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचे घ्यावे. ते रंग खाते, सांडले तर लगेच पाण्याने धुवावे. रॉकेल किंवा इंजिन ऑईल आत जाता कामा नये, रबरी सील फुगतात. एबीएसच्या यंत्रात हवा शिरली असेल तर मात्र सरळ गॅरेज गाठावे.

शेवटी लिव्हर कडक लागतो का, निपलपाशी ओल आहे का, हे पाहून गाडी आधी गल्लीतच, चालण्याच्या वेगाने थांबवून बघावी.