नकाशा बोलतो, सुकाणू ऐकते

सुकाणू हाती धरून नौका सरळ नेणे हे वाटते तितके सोपे काम नाही. रस्त्यावर कडेची झाडे आणि मैलाचे दगड दिसत असतात. समुद्रात चारी बाजूंना पाणीच पाणी. शिवाय वारा, लाटा आणि प्रवाह नौकेला सतत ढकलत असतात. म्हणून सुकाणूवरच्या माणसाला होकायंत्रावर नजर ठेवून तासन् तास उभे राहावे लागते. हे काम माणसाऐवजी करणाऱ्या यंत्राला 'ऑटोपायलट' म्हणतात. नौका सागरी नकाशावर नेमकी कोठे आहे, हे पडद्यावर दाखवणारे दुसरे यंत्र म्हणजे 'चार्टप्लॉटर'. ही दोन यंत्रे एकमेकांना जोडली, की नकाशावर आखलेल्या मार्गाने नौका आपली आपण जाऊ लागते. ही जोडणी बहुधा अवघ्या दोन तारांची असते. त्या तारांतून काय जाते आणि त्यातल्या एका अक्षराकडे दुर्लक्ष झाल्यामुळे एक मोठे जहाज वाळूत कसे रुतले, ते आपण पाहू या.

सुकाणू धरणारे यंत्र

ऑटोपायलटचे मूळ काम एकच: नौकेचे तोंड ठरलेल्या दिशेला ठेवणे. त्याच्याजवळ एक विद्युत् होकायंत्र असते. समजा, जायचे आहे ९० अंशांवर आणि होकायंत्र दाखवते ९५. म्हणजे ५ अंशांची चूक झाली. यंत्र मोटर फिरवून सुकाणू वळवते आणि नौका परत येऊ लागते. पण नौका जड असते. ९० वर येताच ती थांबत नाही. जडत्वामुळे पुढे जाऊन ८५ वर पोचते. मग उलट सुकाणू, पुन्हा ९५! अशी नौका सापासारखी वळवळत जाईल.

अनुभवी नावाडी असे होऊ देत नाही. चूक किती आहे एवढेच तो पाहत नाही. ती किती वेगाने कमी होत आहे, हेही तो पाहतो आणि नौका ठरलेल्या दिशेला येण्याआधीच सुकाणू थोडे उलटे देतो. एकाच बाजूने वारा वाहत असल्यामुळे चूक बराच वेळ टिकून राहिली, तर तो सुकाणू कायमचे थोडे एका बाजूला धरून ठेवतो. चूक किती, ती किती वेगाने बदलते आणि किती वेळ साठत आली आहे, या तीन गोष्टींचे गणित निकोलाय मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने १९२२ साली अमेरिकेत मांडले. आजचे ऑटोपायलट याच तत्त्वावर चालतात.

तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे

मग चार्टप्लॉटर कशाला हवा? नदी ओलांडणाऱ्या होडीचे उदाहरण घ्या. होडीचे तोंड समोरच्या घाटाकडे असते, पण प्रवाह तिला खालच्या अंगाला नेतो. समुद्रातही तसेच घडते. नौका ताशी ६ नाविक मैल वेगाने पूर्वेकडे जात आहे आणि प्रवाह ताशी १ नाविक मैल वेगाने दक्षिणेकडे वाहत आहे, असे समजा. होकायंत्र बरोबर पूर्व दाखवील, ऑटोपायलट आपले काम चोख करील, आणि तरीही ३ तासांनी नौका ३ नाविक मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, दक्षिणेला गेलेली असेल! मार्गावर राहायचे तर तोंड सुमारे साडेनऊ अंश उत्तरेकडे वळवून ठेवायला हवे.

होकायंत्राला हे कळत नाही. त्याला फक्त दिशा समजते, जागा नाही. जागा समजते चार्टप्लॉटरला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून तो नौकेचे स्थान काढतो आणि आखलेल्या रेषेपासून ती किती बाजूला सरकली, हे मोजतो. हे अंतर त्याने ऑटोपायलटला सांगितले, की काम झाले. पण सांगायचे कोणत्या भाषेत?

दोन तारांवरची भाषा

अमेरिकेतील नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेने १९८३ साली यासाठी एक मानक ठरवले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एनएमईए ०१८३' म्हणतात. वेगवेगळ्या कारखान्यांची यंत्रे एकमेकांना समजावीत, हा त्याचा हेतू. ते आजही वापरात आहे.

या पद्धतीत एक यंत्र बोलते आणि बाकीची ऐकतात. एका बोलणाऱ्याला ऐकणारे अनेक चालतात. पण एकाच जोडतारेवर दोघे बोलू लागले, तर वर्गात दोघांनी एकदम उत्तर द्यावे तसा गोंधळ होतो. म्हणून चार्टप्लॉटरच्या 'बोलण्याच्या' दोन तारा ऑटोपायलटच्या 'ऐकण्याच्या' दोन तारांना जोडतात.

दोन तारा का? एकीवरचा विद्युद्दाब दुसरीपेक्षा जास्त आहे की कमी, यावरून ० की १ हे ठरते. शेजारच्या पंपामुळे किंवा रेडिओमुळे तारांत नको असलेला विद्युद्दाब उत्पन्न झाला, तरी तो दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे दोघींमधला फरक बदलत नाही. तारांना एकमेकींभोवती पीळ देतात तोही यासाठीच. मात्र जोडताना तारांची अदलाबदल झाली, तर ० चे १ आणि १ चे ० होतात आणि ऐकणाऱ्याला काहीच उमगत नाही.

आता एक वाक्य पाहा. प्रत्यक्षात ते रोमन अक्षरांत असते:

$जीपीएक्सटीई,ए,ए,०.६७,एल,एन*६एफ

'जीपी' म्हणजे बोलणारे यंत्र जीपीएस आहे. 'एक्सटीई' म्हणजे विषय: मार्गापासूनचे बाजूचे अंतर. ते अंतर ०.६७, शेवटचा 'एन' सांगतो की ते नाविक मैलांत आहे. १ नाविक मैल म्हणजे १८५२ मीटर, तेव्हा नौका सुमारे १२४१ मीटर सरकली आहे. 'एल' म्हणजे डावीकडे वळा. दोन अदृश्य समाप्तिचिन्हे धरून या वाक्यात २४ चिन्हे आहेत. सेकंदाला ४८०० बिट जातात आणि एका चिन्हाला १० बिट लागतात. म्हणजे हे सारे सांगायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो!

शेवटचा '६एफ' हा ताळा आहे. प्रत्येक चिन्ह ० आणि १ मध्ये लिहून एकाखाली एक मांडतात. ज्या स्तंभात १ ची संख्या विषम तेथे १, सम असेल तेथे ०. ऐकणारा हाच हिशेब स्वतः करतो; जुळला नाही, तर वाक्य टाकून देतो.

आता उरले ते दोन 'ए'. 'ए' म्हणजे माहिती ग्राह्य आहे. बोलणाऱ्या यंत्राला स्वतःच्याच माहितीचा भरवसा नसेल, तर ते त्या जागी 'व्ही' लिहिते. लक्षात घ्या, वाक्य वाटेत बिघडले नाही एवढेच ताळा सांगतो. ते खरे आहे की नाही, हे सांगतो 'ए' किंवा 'व्ही'.

एक जहाज वाळूत रुतते

९ जून १९९५ रोजी दुपारी 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून अमेरिकेतील बॉस्टनकडे निघाले. जहाजावर १५०९ माणसे होती. निघाल्यापासून सुमारे तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. उपग्रहांचे संदेश बंद झाले. जीपीएस यंत्राने मग जहाजाची दिशा आणि वेग यांवरून अदमासे स्थान काढायला सुरुवात केली. या हिशेबात वारा आणि प्रवाह यांना स्थान नव्हते. आपण अंदाज सांगत आहोत, हे त्या यंत्राने लपवले नव्हते. त्याच्या लहान पडद्यावर बारीक अक्षरांत तशी खूण होती आणि तारेवरून जाणाऱ्या संदेशातही माहिती अग्राह्य असल्याची खूण होती. पण ऑटोपायलटला ती खूण वाचायला शिकवलेलेच नव्हते! त्याने अंदाजाला सत्य मानले आणि सुमारे ३४ तास जहाज हाकले. वारा जहाजाला हळूहळू पश्चिमेकडे सारत राहिला.

जहाजावर 'लोरान' हे स्थान सांगणारे दुसरे यंत्र चालू होते. त्याच्याशी ताळा पाहिला असता, तर फरक दिसला असता. तो कोणी पाहिला नाही. १० जूनच्या रात्री १० वाजून २५ मिनिटांनी जहाज नँटुकेट बेटाच्या पूर्वेस सुमारे १० मैलांवर उथळ वाळूत रुतले. अधिकारी समजत होते त्या जागेपासून ते १७ मैल दूर होते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी टगबोटींनी जहाज ओढून काढले.

आता नव्या नौकांवर 'एनएमईए २०००' ही पद्धतही असते. तीत एकाच केबलवर सगळी यंत्रे पाळीपाळीने बोलतात आणि सेकंदाला २,५०,००० बिट जातात. तारा बदलल्या, वेग वाढला. पण जोडणी करणाऱ्याने विचारायचे प्रश्न तेच आहेत. कोण बोलतो? कोण ऐकतो? बोलणारा 'मला खात्री नाही' असे म्हणाला, तर ऐकणारा काय करील? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बंदरातच, अँटेनाची तार मुद्दाम काढून, तपासून पाहता येते. आणि उत्तर चांगले मिळाले, तरी समुद्रात खिडकीबाहेर पाहणारा एक माणूस हवाच.

तुम्ही सांगा: ऑटोपायलटला '…एक्सटीई,ए,ए,०.२५,आर,एन' असे वाक्य मिळाले आणि ताळा जुळला, तर त्याने काय करावे? आणि दोन्ही 'ए'च्या जागी 'व्ही' असतील तर?

(उत्तर: नौका मार्गापासून ४६३ मीटर सरकली आहे; उजवीकडे वळावे. 'व्ही' असतील, तर या अंतरावर विसंबू नये आणि भोंगा वाजवून माणसाला बोलवावे.)