पेट्रोलच्या पाटीवरचे आकडे आणि अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेत पेट्रोलचा भाव पंपाबाहेर उंच खांबावर, भरधाव मोटारीतूनही वाचता येईल एवढ्या ठळक आकड्यांत लावलेला असतो. शेवटी बारीक अक्षरांत एका सेंटचे नऊ दशांशही असतात. घरभाडे, दूध, औषधे यांचे भाव असे चौकाचौकांत टांगलेले नसतात. त्यामुळे महागाई वाढली की उतरली, हे सामान्य मतदार बहुधा या पाटीवरूनच ठरवतो आणि भाव चढला की बोट व्हाइट हाऊसकडे दाखवतो.

खरे तर अध्यक्षाच्या हातात फारसे काही नसते. कच्च्या तेलाचा भाव जागतिक बाजारात ठरतो. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे 18.4 सेंट आहे, तो 1993 पासून बदललेला नाही आणि बदलायचा तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, संमती लागते. उरतो तो 1975 मध्ये उभारलेला राखीव तेलसाठा. सप्टेंबर 2000 मध्ये बिल क्लिंटन यांनी त्यातून 3 कोटी पिंपे तेल बाजारात आणले, तेव्हा त्यांचेच उपाध्यक्ष अल गोर निवडणुकीला उभे होते आणि मतदानाला जेमतेम दीड महिना उरला होता. 2022 मध्ये जो बायडन यांनी 18 कोटी पिंपे काढण्याची घोषणा केली, तरी त्या जूनमध्ये देशभराचा सरासरी भाव गॅलनला 5 डॉलरच्या वर गेलाच.

या विषयाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती अध्यक्ष जिमी कार्टर यांनी. 1973 च्या अरब तेलबंदीने पंपांवर लागलेल्या रांगा लोक विसरले नव्हते. फेब्रुवारी 1977 मध्ये, ऐन थंडीत नैसर्गिक वायूचा तुटवडा असताना, कार्टर लोकरी स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि घरातले तापमान दिवसा 65 व रात्री 55 अंश फॅरनहाइटवर ठेवा, असे त्यांनी सांगितले. म्हणजे साधारण 18 आणि 13 अंश सेल्सिअस. जून 1979 मध्ये त्यांनी व्हाइट हाऊसच्या छपरावर पाणी तापवणारी 32 सौरपटले बसवली. त्याच वर्षी इराणमधल्या क्रांतीमुळे तेल पुन्हा आटले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा सम की विषम, यावर पेट्रोल भरण्याचा दिवस ठरू लागला. 15 जुलैच्या भाषणात कार्टर यांनी उपभोगाच्या हव्यासाबद्दल देशाला खडे बोल सुनावले. ते भाषण लोकांना आधी आवडले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पण काही दिवसांतच त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि कमावलेली सहानुभूती ओसरली.

त्यांचे प्रतिस्पर्धी रोनाल्ड रेगन यांचे म्हणणे नेमके उलट होते: टंचाई सरकारी नियंत्रणांमुळे आहे, ती उठवा, तेल आपोआप निघेल. नोव्हेंबर 1980 मध्ये रेगन यांना 489 प्रतिनिधी-मते (इलेक्टोरल व्होट) मिळाली, कार्टर यांना 49. तेहरानमध्ये ओलीस धरलेले अमेरिकी नागरिक आणि एकूण महागाई यांचाही त्या पराभवात मोठा वाटा होता. पण काटकसर शिकवणारा अध्यक्ष पडला, हाच धडा दोन्ही पक्षांनी घेतला. त्यानंतर अध्यक्षपदाच्या कुठल्याच प्रमुख उमेदवाराने मतदाराला हीटर कमी करायला सांगण्याला प्रचारात महत्त्व दिलेले नाही. ती सौरपटले 1986 मध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी उतरवली गेली आणि परत चढली नाहीत.

भाव सगळ्या देशाला जाणवतो, पण अध्यक्ष निवडला जातो राज्याराज्यांतून. एकूण 538 प्रतिनिधी-मतांपैकी 270 लागतात आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी मते मिळतात. त्यामुळे एखाद्या लहान राज्याचा कोळसादेखील निकाल फिरवू शकतो. वेस्ट व्हर्जिनिया हे खाणकामगारांच्या संघटनांचे राज्य. 1932 ते 1996 या काळातल्या 17 निवडणुकांपैकी फक्त 3 वेळा त्याने रिपब्लिकन उमेदवार निवडला. 2000 मध्ये मात्र हवामानविषयक क्योटो कराराशी नाव जोडले गेलेले गोर समोर होते. हवामानाचे धोरण म्हणजे खाणीला टाळे, असा अर्थ तिथे लावला गेला; बंदुकांच्या प्रश्नाचीही त्यात भर पडली. राज्य रिपब्लिकन जॉर्ज बुश यांच्याकडे गेले. बुश यांना मिळाली 271 मते. वेस्ट व्हर्जिनियाची 5 मते गोर यांना मिळाली असती, तर फ्लोरिडा हरूनही ते अध्यक्ष झाले असते. खाणीतल्या नोकऱ्या पुढेही घटतच गेल्या. यंत्रे होतीच, त्यात स्वस्त नैसर्गिक वायू आला. कामगाराचा राग मात्र धोरणावरच राहिला, कारण यंत्राच्या विरोधात मत देता येत नाही.

तो स्वस्त वायू बराचसा पेनसिल्व्हेनियातला. पाणी, वाळू आणि रसायनांचा प्रचंड दाबाने मारा करून शेल खडक फोडायचा व त्यातला वायू काढायचा, या पद्धतीला फ्रॅकिंग म्हणतात. भारतात भूगर्भातले तेल आणि वायू सरकारचे असतात. अमेरिकेत ते जमीनमालकाचेही असू शकतात, म्हणून वायूच्या विहिरीजवळच्या कित्येक शेतकऱ्यांना रॉयल्टीचा धनादेश घरपोच येतो. ज्यांच्या विहिरीचे पाणी बिघडले, त्यांचे मत अर्थातच वेगळे आहे. हे राज्य डोनाल्ड ट्रम्प यांनी 2016 मध्ये सुमारे 44 हजार मतांनी जिंकले, तर 2020 मध्ये बायडन यांनी सुमारे 80 हजारांनी. इतक्या काठावरच्या लढतीत एक वाक्यही महाग पडते. ट्रम्प यांच्या 2024 मधल्या प्रतिस्पर्धी कमला हॅरिस यांनी 2019 मध्ये फ्रॅकिंगवर बंदी हवी असे म्हटले होते. सप्टेंबर 2024 मध्ये फिलाडेल्फियातल्या वादसभेत त्यांना बंदी घालणार नाही, अशी ग्वाही द्यावी लागली. जुने वाक्य तरीही प्रचारात घुमत राहिले आणि पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांच्याकडे गेले.

मतदारांना स्वच्छ ऊर्जा नकोशी आहे, असा याचा अर्थ नाही. जनमत चाचण्यांत सौर आणि पवनऊर्जेला बहुमताचा पाठिंबा दिसतो. पण प्रश्नांची क्रमवारी लावायला सांगितली की अर्थव्यवस्था वर जाते आणि हवामान बरेच खाली घसरते. आयोवात निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून तयार होते, पवनचक्क्यांचे भाडे शेतकऱ्यांना मिळते, आणि तरीही पवनचक्क्यांची उघड टिंगल करणाऱ्या ट्रम्प यांना या राज्याने तिन्ही वेळा निवडले. बायडन यांच्या 2022 च्या कायद्याने बॅटरी, मोटारी आणि सौरपटलांच्या कारखान्यांना भरघोस करसवलती दिल्या. त्यातली मोठी गुंतवणूक जॉर्जियासारख्या राज्यांत गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यातले बरेच प्रकल्प बांधकामाच्याच टप्प्यात होते. जॉर्जियाने ट्रम्प यांना कौल दिला आणि जुलै 2025 मध्ये त्या सवलतींपैकी अनेक नव्या कायद्याने छाटल्या गेल्या.