गिअर टाकला, पण गाडी हलेना! ऑटोमॅटिक गाडीतील विलंबाचे निदान कसे करावे?

केरी-तेरेखोल फेरीबोटीत गाडी चढवताना चालकाला हातभर अंतराचाही अंदाज चुकवून चालत नाही. अशा वेळी ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'एन'वरून 'डी'वर आणला, ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी जागची हललीच नाही, तर बहुतेकांचा पाय आपसूक ॲक्सिलरेटरवर जातो. इंजिनाचा आवाज चढतो, दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही आणि मग गाडी एकाएकी हिसका देऊन पुढे झेपावते. समोर पाणी असो, मोपा विमानतळाच्या वाहनतळातील दुसरी गाडी असो की घराच्या अंगणातले तुळशीवृंदावन, त्या क्षणी ब्रेक गाठायला सवड उरत नाही.

या दोषाकडे सुरुवातीला कोणी फारसे लक्ष देत नाही. 'सकाळी एकदाच होते, नंतर गाडी ठीक चालते' अशी मनाची समजूत घातली जाते. पुढे विलंब वाढला की गॅरेजमध्ये 'गिअरबॉक्स गेला' असे निदान कानी पडते आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक हबकतो. या दोन टोकांच्या मध्ये तपासणीच्या बऱ्याच पायऱ्या आहेत. त्यांतील काही तर मालकाला स्वतःलाच, एक पैसाही खर्च न करता पार पाडता येतात.

त्यासाठी आधी आतील यंत्रणा समजून घ्यावी लागते. पारंपरिक ऑटोमॅटिक गाडीत चालकाने दाबायचा क्लच नसतो. त्याऐवजी आत क्लच प्लेट्सचे संच असतात आणि ते तेलाच्या दाबाने आवळले जातात. इंजिन सुरू होताच पंप तेल खेचतो, व्हॉल्व्ह बॉडी नावाचा वाटाड्या ते योग्य वाटेने सोडतो, ठरलेल्या क्लचमागील पिस्टन भरतो, प्लेट्स एकमेकींना भिडतात आणि मग चाकांना गती मिळते. निरोगी गाडीत हा सारा प्रवास सुमारे एका सेकंदात आटोपतो. विलंब होतो याचा अर्थ एवढाच, की या वाटेवर कुठेतरी दाब वेळेत तयार होत नाही, वाटेतच गळतो किंवा प्लेट्स झिजल्यामुळे पिस्टनला जास्त अंतर जावे लागते. प्रश्न आहे तो यांपैकी नेमके कुठे बिघडले, हा.

म्हणून पहिली तपासणी घड्याळाची. इंजिन व्यवस्थित गरम झालेले असावे, वातानुकूलन बंद असावे, गाडी सपाट जागी असावी, हँडब्रेक ओढलेला आणि पाय ब्रेकवर घट्ट असावा. 'एन'वरून 'डी'वर गिअर टाकल्यापासून गाडीला हलका धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोजावा. मग एक मिनिट थांबून पुन्हा मोजावा आणि तीन वेळांची सरासरी काढावी. 'आर'साठीही तसेच करावे. टोयोटाच्या अनेक मॉडेलांच्या दुरुस्ती पुस्तिकांत 'डी'साठी १.२ सेकंदांपेक्षा कमी आणि 'आर'साठी १.५ सेकंदांपेक्षा कमी अशी मर्यादा दिलेली आढळते. प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असू शकतात, तरी अंदाज बांधायला एवढे पुरेसे आहेत. मोबाइलवर चित्रफीत घेतली तर मोजणीही अचूक होते आणि मेकॅनिकसमोर ठेवायला पुरावाही मिळतो. गॅरेजमध्ये नेताच गाडी शहाण्यासारखी वागू लागते, हा अनुभव कोणाला नाही?

या आकड्यांतून बरेच काही कळते. 'डी' आणि 'आर' दोन्हींत उशीर होत असेल, तर संशय दोघांना सामाईक असलेल्या गोष्टींवर जातो. तेलाची पातळी, तुंबलेला फिल्टर, दमलेला पंप किंवा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह यांची तपासणी आधी व्हावी. एकाच गिअरमध्ये उशीर होत असेल, तर त्या गिअरचा क्लच, त्याचे सील किंवा त्याला तेल पोहोचवणारी वाट तपासावी लागते. हा भेद न करता थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगणाऱ्याला आधी कारण विचारणे योग्य.

दुसरा प्रश्न वेळेचा. विलंब फक्त सकाळच्या पहिल्या गिअरलाच होतो का? तसे असेल तर रात्रभरात टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल खाली उतरून गेलेले असू शकते किंवा कडक झालेले रबरी सील थंड असताना दाब धरत नसतील. तेल तापले, सील मऊ पडले की तक्रार नाहीशी होते. उलट चोर्ला घाट चढून आल्यावर किंवा म्हापशाच्या कोंडीत अर्धा तास रखडल्यावरच गाडी अडखळत असेल, तर तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या पंपातून वा फटींतून निसटत असण्याची शक्यता अधिक. आणि चढ-उतारावरच होत असेल, तर सर्वांत आधी तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असले की उतारावर ते एका बाजूला सरकते, पंप तेलाबरोबर हवाही ओढतो आणि फेसाळलेल्या तेलाला दाब धरता येत नाही. डिचोली तालुक्यात चढावर बांधलेल्या घरांना तोटा नाही, तेथे हे लक्षण सर्वांआधी दिसते.

तेल तपासणे मात्र आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. अनेक नव्या गाड्यांत गिअरबॉक्सला मोजपट्टीच नसते. गाडी सपाट उचलून, तेल ठरावीक तापमानावर आणून, खालच्या बुचातून पातळी पाहावी लागते. मोजपट्टी असलेल्या गाड्यांतही इंजिन चालू ठेवून तपासायचे की बंद करून, हे कंपनीगणिक बदलते. त्यासाठी गाडीसोबत मिळालेली पुस्तिका उघडावी. रंग आणि वास मात्र कोणालाही ओळखता येतो. काळपट, करपलेल्या वासाचे तेल म्हणजे क्लच प्लेट्स जळू लागल्याची खूण. 'तेल आयुष्यभर बदलायचे नाही' या वाक्यावर विसंबून राहणे आपल्याकडच्या उष्ण हवामानात आणि कोंडीत महागात पडू शकते. तेलही कंपनीने सांगितलेलेच हवे. सीव्हीटी गाडीत साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले, तर आतील पट्टा घसरू शकतो.

एवढ्यावर उत्तर सापडले नाही, तर स्कॅनर लावून संगणकात नोंदलेले दोष वाचणे आणि दाबमापक जोडून तेलाचा दाब मोजणे ही कामे गॅरेजची. दाब पुरेसा असूनही गाडी उशिरा पकड घेत असेल, तरच गिअरबॉक्स उघडण्याला अर्थ आहे. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची जी स्टॉल चाचणी काही जण सुचवतात, ती घरी मुळीच करू नये. ती पाच सेकंदांपेक्षा जास्त लांबली तरी तेल उकळू लागते, आणि ब्रेक सुटला तर समोरच्याची खैर नाही.

येथे एक फरक सांगायलाच हवा. २०१४ मध्ये मारुती सेलेरियोबरोबर भारतात आलेली एएमटी ही ऑटोमॅटिक म्हणून ओळखली जात असली, तरी तिचा गिअरबॉक्स साध्या गाडीसारखाच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे यंत्राकडे सोपवलेले असते. त्यामुळे वरील बरीच कारणे तिला लागू होत नाहीत. तेथे झिजलेला क्लच, क्षीण झालेली बॅटरी, ब्रेकच्या दिव्याचा बिघडलेला स्विच किंवा दाब साठवून न ठेवणारा ॲक्च्युएटर ही नावे आधी यावीत. चालकाचे दार उघडताच ऐकू येणारी पंपाची घरघर आता दर काही क्षणांनी होऊ लागली असेल, तर दाब टिकत नाही असे समजावे. क्लच बदलल्यावर स्कॅनरने त्याची पकड नव्याने शिकवावी लागते. ते राहून गेले, तर नव्या क्लचसहही गाडी अडखळते.

काही वेळा विलंब भासतो, पण तो गिअरबॉक्सचा नसतो. इंजिनाचे रबरी माउंटिंग सैल झाले की गिअर पडताना मोठा ठोका बसतो. उतारावर हँडब्रेक न ओढताच 'पी' टाकल्यास गाडीचा सगळा भार एका लहानशा खिळीवर येतो आणि निघताना ती जोराने सुटते. आधी ब्रेक, मग हँडब्रेक आणि शेवटी 'पी' हा क्रम पाळला की ही तक्रार बऱ्याचदा थांबते.

विलंब होत असेल तोवर गाडी चालवणे भागच असल्यास एक पथ्य कटाक्षाने पाळावे. गिअर टाकल्यावर पकड जाणवेपर्यंत पाय ब्रेकवरच ठेवावा आणि ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावू नये. अर्धवट आवळलेल्या प्लेट्सवर इंजिनाची पूर्ण ताकद आली की त्या जळतात, आणि तेल बदलून भागले असते तेथे प्लेट्सही बदलाव्या लागतात. मागे घेताना गाडी पूर्ण थांबण्याआधी 'आर'वरून 'डी'वर जाण्याची सवयही सोडावी.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. जुलै २०२१ च्या पुरात डिचोली आणि पेडण्यातील अनेक भागांत पाणी शिरले होते. वाळवंटीकाठच्या साखळीला तर पुराची धास्ती नेहमीचीच. गिअरबॉक्सला हवा घेण्यासाठी एक बारीक नळी असते, तिच्यातून पाणी आत जाऊ शकते. तेल गुलाबी, दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. रेडिएटरमधील तेल थंड करणारी नळी फुटली तरी तेल असेच दिसते. हे पाणी क्लच प्लेट्सवरील कागदी अस्तरात मुरते आणि त्याचा गोंद सुटू लागतो, म्हणून विलंब काही आठवड्यांनी दिसतो आणि तोवर पुराची आठवण कोणाला राहिलेली नसते. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून पाहू नये. तिला ओढून न्यायचे झाल्यास इंजिनाची गती ज्या चाकांना मिळते ती चाके उचलूनच न्यावी, कारण इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि आतील भागांना तेल मिळत नाही.