मुकादम आणि पोटठेकेदार : लोअर परळच्या बांधकामावरून



लोअर परळ हे नाव आपल्या भागाला परके नाही. एका पिढीचे चुलते-मामा डिलाईल रोडच्या खोल्यांत राहून गिरणीत राबले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातले कित्येकजण गावी येऊन उसात उतरले. आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती झाल्या आहेत आणि बांधकाम काही थांबलेले नाही. शेतकी खात्याने बांधकामावर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. पण तिथला पोटठेकेदार आणि आपला तोडणी मुकादम एकाच मातीचे गडी. दोघेही दुसऱ्याचे काम अंगावर घेतात, उचल देऊन टोळी आणतात आणि हिशेब अडला की टोळी रातोरात उठते.

लोअर परळ स्टेशनजवळचा डिलाईल रोडचा पूल घ्या. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला. त्यानंतरच्या पाहणीत हा जुना पूल धोक्याचा ठरला व २४ जुलैला वाहतुकीस बंद झाला. रुळांवरचे काम पश्चिम रेल्वेकडे, दोन्ही अंगांचे पोहोचरस्ते महानगरपालिकेकडे. रुळांवरच्या तुळया २०२२ मध्ये बसल्या आणि पूल पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. मध्ये करोना आला हे खरे. तरी अशा कामाची गोम वेगळीच. गाड्या थांबल्याशिवाय रुळांवर तुळई सरकत नाही, आणि तुळई बसल्याशिवाय रस्त्याचा जोड पुरा होत नाही. एकाची पाळी चुकली की दुसऱ्याचे गडी बसून.

इमारतीच्या स्लॅबचेही तेच. आधी सेंट्रिंगवाला फळ्या-टेकू लावतो, मग सळईवाला जाळी बांधतो, वायरमन नळ्या टाकतो, प्लंबर भोके राखतो, मगच काँक्रीट. वायरमन एक दिवस उशिरा आला तर? एक तर सगळे खोळंबतात, नाही तर पडलेला स्लॅब छिन्नीने फोडावा लागतो. शहाणा पोटठेकेदार म्हणून आदल्या दिवशी पुढच्याला जागेवर बोलावून काम दाखवतो व ताब्यात देतो. काँक्रीट एकदा सुरू झाले की मध्ये थांबायचे नाही. तोडलेला ऊस फडात वाळला की उतारा पडतो, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. काँक्रीटचा धीर तर तासांचाच.

टेकू काढण्याची घाई मात्र जीवावर बेतते. साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावेत, असे भारतीय मानकात आहे. मिश्र सिमेंटला आणखी दिवस लागतात. फळ्या दुसऱ्या साईटवर न्यायच्या असतात म्हणून सेंट्रिंगवाला घाई करतो. त्याचे ऐकू नये.

आता पैशाची गोष्ट, आणि खरी मेख हीच. वरचा ठेकेदार म्हणतो बिल निघाले नाही, पोटठेकेदार म्हणतो मला मिळाले नाही, आणि मजुराची चूल थंड. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच असे ठरले होते की कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यावी व कंत्राटदाराकडून वसूल करावी. आमच्या मते चांगला पोटठेकेदार ओळखायचा तो इथेच : त्याची मजुरांची हजेरीवही रोजची भरलेली असते, आणि वाढीव काम तो चिठ्ठीवर सही घेतल्याशिवाय करीत नाही. तोंडी वाढवलेल्या कामाचे पैसे तोंडीच राहतात बघा.

यंदा घर, गोठा किंवा विहिरीचे काम काढणाऱ्या सभासदांनी मिस्त्रीला एकरकमी उचल देऊ नये. पाया, जोते, स्लॅब असे टप्पे कागदावर लिहून प्रत्येक टप्प्याची रक्कम ठरवावी, आणि पुढचा हप्ता देण्याआधी मागच्या टप्प्याची मजुरी मजुरांच्या हातात पडली का, हे त्यांनाच विचारावे.