चित्रे बोलू लागतात

मुलांनो, महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील चित्रकथी रामायण-महाभारतातील कथा चित्रांवरून सांगतात. चित्रांच्या संचाला ते 'पोथी' म्हणतात. एकेक चित्र प्रेक्षकांसमोर उभे करायचे आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीवर गात गात त्यातील प्रसंग सांगायचा, अशी ही कला आहे.

आज अशीच चित्रकथा संगणकावर किंवा मोबाइलवर तयार करता येते. तिला डिजिटल कथाकथन म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात डाना अ‍ॅचली व जो लँबर्ट यांनी तिच्या कार्यशाळा सुरू केल्या. सामान्य माणसाने आपल्या आयुष्यातील दोन-तीन मिनिटांची गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगावी, ही त्यांची कल्पना.

चित्रकलेच्या तासाला तुम्हालाही हे जमेल. समजा, तुमच्या आजीने १९६० सालचे कॅरोल चक्रीवादळ लहानपणी पाहिले आहे. त्या वादळात मॉरिशसमधील हजारो घरे पडली. प्रथम आजीला बोलते करा आणि तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा. त्या वेळी खोलीतील पंखा व टीव्ही बंद ठेवा. मराठीत बोलता बोलता आजी क्रेओलमध्ये गेली, तरी तिला अडवू नका.

नंतर ते बोलणे पुन्हा पुन्हा ऐका. त्यातील एकच प्रसंग निवडा आणि त्याची आठ-दहा चित्रे काढा. आजी 'पत्रा उडाला' म्हणते, तेथे उडालेला पत्राच काढायला हवा, असे नाही. मुलांना पोटाशी धरून बसलेली तिची आई काढा. आवाज जे सांगतो, त्याहून थोडे अधिक चित्राने सांगावे.

चित्रांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्या आणि ती आवाजाबरोबर क्रमाने जोडा. कॅरोलचा डोळा बेटावरून गेला, तेव्हा काही काळ वारा पडला होता. मग तो उलट दिशेने आला. त्या शांततेच्या चित्रावर एकही शब्द ठेवू नका. पाहणाऱ्याला ती शांतताच सारे सांगेल.

मुलांनो, चित्र बिघडले तर दुसरे काढता येते. आजीचा आवाज मात्र आजी आहे तोवरच मिळतो. म्हणून रंगपेटी नंतर उघडा; आधी आजीजवळ जाऊन बसा.