आड नव्हे, बारव

तेरा वर्षांचा मुलगा भर दरबारात गुडघे टेकून बसला आहे. समोर द्वंद्वाला उभा आहे त्याचा बाप. मुलाचा गुन्हा काय, तर युद्धाच्या मसलतीत एका सेनापतीने नवख्या पोरांची तुकडी बळी द्यायची योजना मांडली आणि हा न राहवून मध्येच बोलला. आता तो लढायला नकार देतो, रडतो, क्षमा मागतो. बाप हात उचलतो आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर मुलाचा काका येतो. काका मान फिरवतो. आपल्याला ऐकू येते ती फक्त किंकाळी.

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या ॲनिमेशन मालिकेतला हा प्रसंग. मुलगा झुको, काका आयरो, बाप म्हणजे अग्निराष्ट्राचा सम्राट ओझाई. द्वंद्वाचं नाव ‘अग्नी काई’, आणि त्यातला ‘अग्नी’ आपल्या ओळखीचाच. मायकेल डान्टे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांची ही मालिका 2005 साली अमेरिकेत निकलोडिअन वाहिनीवर सुरू झाली आणि 61 भागांनंतर 2008 मध्ये संपली. तिच्यावर शिक्का होता सात वर्षांपुढच्या मुलांसाठीचा. आणि तिच्यात बाप पोटच्या पोराचा चेहरा जाळतो!

सात वर्षांच्या मुलाला हे पचतं कसं, या कुतूहलापोटी मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. भाजणं कुठेच दिसत नाही. दिसतात ते बघ्यांचे चेहरे. आयरोला बघवत नाही. झुकोची धाकटी बहीण अझुला मात्र हसते आहे. जळलेली कातडी पाहून मुलाला नुसती भीती वाटली असती. कोण हसलं आणि कोणी तोंड फिरवलं, हे पाहून त्याला क्रौर्य म्हणजे काय ते कळतं.

आणखी एक गंमत म्हणजे झुकोच्या डोळ्याभोवतीचा तो डाग आपण पहिल्या भागापासून पाहत आलेलो असतो. त्याची कथा कळते बाराव्या भागात. तोवर या चिडक्या, आरडाओरडा करणाऱ्या राजपुत्राचा आपल्याला मनसोक्त राग येऊन गेलेला असतो, त्याच्या फजितीला हसूनही झालेलं असतं. काळोखात उतरण्यापूर्वी अकरा पायऱ्या बांधून ठेवल्या होत्या, हे तेव्हा लक्षात येतं.

आपल्याकडे विहिरी दोन तऱ्हेच्या. आड म्हणजे सरळ खोल खड्डा. त्यात डोकावायचं ते काठ धरून. बारवेला पायऱ्या असतात. पाणी तिचंही खोलच, पण ज्याला जितकं झेपेल तितकं त्याने उतरावं. मुलांच्या मालिकेत काळोख किती असावा, यावर आईबाप खोली मोजत बसतात. मला वाटतं, आधी पायऱ्या मोजाव्यात.

पायऱ्या बांधायचं कसब पाहायचं तर तिसरा भाग पाहावा. मालिकेचा नायक, बारा वर्षांचा आंग, हिमनगात शंभर वर्षं गोठून राहिला होता. जागा झाल्यावर तो आपल्या मठात परततो. त्याचे सगळे लोक मारले गेले आहेत, हे त्याला अजून पटत नाही. तिथे एक लांब कानांचा लेमूर दिसतो. आंगला तो पाळायचाय, त्याच्या भुकेल्या सोबत्याला, सोकाला, खायचाय. दोघांची पळापळ सुरू होते, आपण हसत असतो, आणि त्या लेमूरच्या मागे धावत आंग थेट पोचतो आपल्या गुरूच्या, ग्यात्सोच्या, सांगाड्यापाशी. भोवती अग्निराष्ट्राच्या सैनिकांची हाडं आणि शिरस्त्राणं. कत्तलीचं एकही दृश्य नाही. शंभर वर्षांनी उरलेली शांतता तेवढी आहे. आंगचा शोक वादळ होऊन उसळतो, तेव्हा त्याची सोबतीण कटारा त्या वाऱ्यातून वाट काढत त्याच्याजवळ जाते आणि आता आम्हीच तुझं कुटुंब, असं सांगते. तो लेमूर पुढे मालिकाभर त्यांच्यासोबत राहतो. हसवत हसवत खाली नेलं, खाली एकटं सोडलं नाही आणि वर येताना सोबत एक जीव दिला!

दुसरी करामत आयरोच्या गाण्याची. बा सिंग से शहरात हा म्हातारा एका रडणाऱ्या पोराला गाणं म्हणून हसवतो. संध्याकाळी टेकडीवरच्या झाडाखाली तो युद्धात मेलेल्या मुलाची तसबीर मांडतो आणि तेच गाणं म्हणू लागतो. या वेळी आवाज फुटतो. गाणं तेच, म्हणणारा तोच. सात वर्षांच्या मुलाला कळतं की आजोबा रडतायत. बारा वर्षांच्याला कळतं की सकाळचं गाणं कुठून आलं होतं. आणि मोठ्यांना आठवतं की याच शहराला सेनापती आयरोने वेढा घातला होता, त्यातच मुलगा गेला; म्हणजे ज्यांची मुलं आपल्या सैन्याने मारली, त्यांचंच पोर त्याने सकाळी हसवलं. एकाच बारवेत तिघे तीन पायऱ्यांवर उभे! आयरोला आवाज देणारे नट माको 2006 मध्ये वारले; ती गोष्ट त्यांच्या स्मृतीला अर्पण केली आहे.

सगळ्यात खालची पायरी हामाची. शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी रंगलेल्या असताना ही प्रेमळ म्हातारी भेटते. ती कटाराच्याच जमातीची, तिच्यासारखीच पाणी हलवण्याची विद्या असलेली, अग्निराष्ट्राच्या तुरुंगात पिचलेली. तिथे पाण्याचा थेंबही जवळ येऊ देत नसत, म्हणून पौर्णिमेच्या रात्री उंदरांच्या अंगातलं रक्त हलवायला ती शिकली, मग पहारेकऱ्यांच्या. आता तीच विद्या ती निरपराध गावकऱ्यांवर चालवते. तिला थोपवायला अखेर कटाराला तेच करावं लागतं. हामा पकडली जाते, तरी हसत हसत जाते, आणि जिंकलेली कटारा रडत बसते. भाग तिथेच संपतो. इथे डोळे पुसणारा शेवट नाही. पण हा तिसऱ्या पर्वातला भाग आहे. एव्हाना बघणाऱ्या मुलाचे पाय पायऱ्यांना सरावलेले असतात.

शेवटी आंगपुढे प्रश्न येतो ओझाईला मारण्याचा. मठात वाढलेला हा मुलगा मारायला तयार नाही. तो त्याची अग्निविद्या काढून घेतो आणि जीव राखतो. काही प्रेक्षकांना ही पळवाट वाटली. मला त्यात इमान दिसतं. ग्यात्सोच्या सांगाड्यापाशी रडलेल्या मुलाने अखेर आणखी एका सांगाड्याची भर घातली नाही.

मला जास्त आठवतो तो त्याच्या जरा आधीचा प्रसंग. झुको पुन्हा गुडघे टेकून बसला आहे. मधल्या काळात त्याने काकाला दगा दिलेला आहे. तंबूत आयरो त्याच्याकडे पाठ करून बसतो. झुको रडत क्षमा मागतो, अगदी तेरा वर्षांचा असताना मागितली होती तशी. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हातारा वळतो आणि त्याला ओढून छातीशी धरतो.

या वेळी कॅमेरा दुसरीकडे बघत नाही.