खटला सरकारचा, काळ लढाईचा

सिद्धगड मुरबाड तालुक्यात. २ जानेवारी १९४३ रोजी तिथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेले भाई कोतवाल शहापूर-मुरबाडच्या लोकांना सांगावे लागत नाहीत. दर वर्षी त्या दिवशी तिथे अभिवादनाला गर्दी होते. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल मुळात वकील, नगरपालिकेचे उपाध्यक्ष. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे पाडले. सहकारी हिराजी पाटीलही त्यांच्यासोबतच धारातीर्थी पडले.

याच काळात कायदा शिकलेली दुसरी काही माणसे मुंबईत सरकारची बाजू सांभाळत होती. त्यांच्याबद्दल आपण कमी बोलतो. हुतात्म्यांपुढे सरकारी वकिलाचे काय कौतुक, असे वाटणे साहजिकच. पण लढाईच्या दिवसांत सरकारला कुठवर जाता येते, याचा निवाडा बराचसा त्यांच्याच टेबलावर होतो.

१९३५च्या कायद्याने प्रत्येक प्रांताला ॲडव्होकेट जनरल दिला. काम सरकारला कायद्याचा सल्ला देण्याचे, आणि पद गव्हर्नरची मर्जी असेतोवर. मुंबईत १९३७ पासून मोतीलाल सेटलवाड या पदावर होते. दोन वर्षांत महायुद्ध सुरू झाले, काँग्रेसचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन गेले, कारभार गव्हर्नरच्या हाती आला. म्हणजे माणूस तोच, अशील मात्र बदललेले. १९४२ मध्ये सेटलवाड पदावरून बाहेर पडले. त्यांच्यामागून आलेले नोशीरवान इंजिनिअर पुढे भारताचे ॲडव्होकेट जनरल झाले आणि १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांविरुद्ध उभे राहिले. समोर बचावाला भुलाभाई देसाई, तेही मुंबईचेच.

महायुद्धाच्या वर्षांतले सरकारचे सगळ्यांत धारदार हत्यार भारत संरक्षण नियमांतला नियम २६. खटला न चालवता स्थानबद्ध करण्याचा. नियम दिल्लीत लिहिलेला, निभावायचा प्रांतांनी. मुंबई सरकारने अडकवलेले केशव तळपदे थेट फेडरल कोर्टापर्यंत गेले. मूळ कायद्यात होते, की संशयाला रास्त आधार हवा. नियमाने मात्र सरकारची खात्री पटली की झाले, अशी सोय करून ठेवली होती. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी २२ एप्रिल १९४३ रोजी तो नियमच अवैध ठरवला. सरकारने आठवडा संपायच्या आत वटहुकूम काढला आणि आधीच्या अटकाही मागच्या तारखेने वैध करून घेतल्या. कोर्टात हरलेले सरकार गॅझेटात जिंकले! मला यात त्या राजवटीची भीती जास्त दिसते, ताकद कमी.

१९६२ च्या चीन युद्धात भारताचे ॲटर्नी जनरल पुन्हा सेटलवाडच. २६ ऑक्टोबरला आणीबाणी, ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींचा आदेश: स्थानबद्धाला मूलभूत हक्कांसाठी कोर्टाचे दार बंद. सर्वोच्च न्यायालयातल्या मखनसिंग खटल्यात सातारचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६३ मध्ये सरकारची बाजू बहुतांशी मान्य केली, पण एक खिडकी उघडी ठेवली: आदेश दुष्ट हेतूने काढला असेल, तर कोर्ट ऐकेल. लढाई संपली तरी ती आणीबाणी १९६८ पर्यंत रेंगाळली.

महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल तेव्हा एच. एम. सीरवाई. १९५७ ते १९७४ या कारकिर्दीत त्यांनी तीन युद्धे पाहिली. या काळातला एक खटला मजेशीर आहे. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरींनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिले आणि छापायला बाहेर पाठवायची परवानगी मागितली. राज्य सरकारने नकार दिला. पुस्तक विज्ञानाचे, त्यात देशाला धोका कसला, हे कोणी सांगू शकले नाही. हायकोर्टाने परवानगी दिली तरी सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५, त्याच दिवशी आपले सैन्य लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच न्यायालयाने स्थानबद्ध असलेल्या राममनोहर लोहियांना मोकळे केले. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती हिदायतुल्ला होते. महायुद्धात १९४३ पासून नागपूरला मध्य प्रांत व वऱ्हाडचे ॲडव्होकेट जनरल म्हणून त्यांनीच सरकारची वकिली केली होती. लोहियांना अडकवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याने आदेशात जे कारण लिहिले, ते भारत संरक्षण नियमांत बसत नव्हते.